कॉस्मस इंडिकोप्लुस्टीस

कॉस्मस इंडिकोप्लुस्टीस (इ.स.चे ६वे शतक) हा इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथील ख्रिस्ती व्यापारी, प्रवासी व ग्रीक भाषेत लिहिणारा ग्रंथकार होता. पृथ्वी गोल नसून सपाट व लांबट चौकोनी आहे आणि सारे विश्व मोशेने रानात उभारलेल्या निवासमंडपाच्या आकाराचे आहे, असे त्याने आपल्या ‘ख्रिस्ती भूवर्णन’ (ग्रीक : ख्रिस्तिआनिकी टोपोग्राफिया) या बारा भागांच्या ग्रंथात बायबलमधील वचनांच्या आधारे प्रतिपादन केले. याच ग्रंथात इथिओपिया, श्रीलंका व भारताचा पश्चिम किनारा यांविषयी त्या शतकातील दुर्मीळ माहिती आली आहे. तीत कल्याण बंदराचाही उल्लेख आहे. त्याची विश्वरचना त्याच्या काळातील विद्वानांनीही मान्य केली नव्हती. मात्र हिब्रू शास्त्रग्रंथातील शब्दांवरून पृथ्वीचा आकार ठरवण्याचा एवढा सविस्तर आणि चित्रांसह केलेला दुसरा प्रयत्न प्राचीन वाङ्मयात क्वचितच आढळतो.

नाव व ओळख

‘इंडिकोप्लुस्टीस’ म्हणजे भारताकडे जलप्रवास करणारा. हे नाव त्याने स्वतः घेतलेले नाही. ग्रंथाच्या ९व्या शतकातील सर्वांत जुन्या हस्तलिखितात लेखकाचे नाव नाही. ‘कॉस्मस’ हे नाव ११व्या शतकातील हस्तलिखितांपासून दिसू लागते. ग्रीक भाषेत ‘कोस्मोस’ म्हणजे विश्व. विश्वाविषयी लिहिणाऱ्याला हे नाव मागाहून मिळाले असावे, अशी शंका अनेक अभ्यासकांनी घेतली आहे. लेखक स्वतःला केवळ एक ख्रिस्ती म्हणवतो. या निनावीपणामागे नम्रता असेल, तसेच सावधपणाही असू शकेल. त्याचे कारण पुढे येईल.

त्याच्या जन्ममृत्यूच्या तारखा ज्ञात नाहीत. ग्रंथाच्या सहाव्या भागात त्याने एका सूर्यग्रहणाचा व एका चंद्रग्रहणाचा उल्लेख केला आहे. ती ग्रहणे ६ फेब्रुवारी ५४७ व १७ ऑगस्ट ५४७ रोजी झाल्याचे गणिताने ठरते. गोल पृथ्वी नाकारणाऱ्या ग्रंथाचा काळ ग्रहणांच्या गणितावरून निश्चित व्हावा, हा योगायोग मौजेचा आहे. आपले शिक्षण साधारण असून अलंकारशास्त्र आपण शिकलो नाही, असे तो वाचकाला आरंभीच सांगून टाकतो. उतारवयात त्याला डोळ्यांचे व पोटाचे विकार जडले होते. तो पुढे संन्यासी झाला असावा, असे ग्रंथातील धार्मिक वळणावरून मानले जाते.

व्यापार व प्रवास

भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र व इराणचे आखात या तिन्ही जलमार्गांनी आपण प्रवास केल्याचे कॉस्मस सांगतो. आफ्रिकेच्या पूर्व टोकाजवळ त्याच्या जहाजाभोवती मोठ्या पक्ष्यांचा थवा घोंघावू लागला. खुला महासागर जवळ आल्याची ती खूण असल्याने खलाशी घाबरले आणि जहाज वळवावे लागले, असा एक प्रसंग त्याने वर्णिला आहे. तो प्रत्यक्ष भारतात पोहोचला की नाही, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. इथिओपिया मात्र त्याने निश्चित पाहिला होता.

डोळ्यांनी पाहिलेले व कानांनी ऐकलेले यांत तो फरक करतो. जिवंत गेंडा आपण दुरून पाहिला आणि पेंढा भरलेला राजवाड्यात पाहिला, असे तो नोंदवतो. पाणघोडा पाहिला नाही, पण त्याचे दात विकले, हेही सांगतो. एकशिंगी प्राण्याविषयी लिहिताना आपण फक्त राजवाड्यातील त्याच्या पितळी प्रतिमा पाहिल्याचे तो कबूल करतो. विश्वरचनेच्या भागात ठाम बोलणारा हा लेखक प्राण्यांच्या भागात इतका काटेकोर असावा, याचे वाचकाला आश्चर्य वाटते.

अदुलिस येथील शिलालेख

इ.स. ५२० च्या सुमारास कॉस्मस सध्याच्या इरिट्रियातील अदुलिस बंदरात होता. त्या वेळी अक्सुमचा राजा कालेब समुद्रापलीकडील हिम्यर राज्यावर स्वारी करण्याच्या तयारीत होता. बंदराबाहेर एक संगमरवरी सिंहासन व त्यामागे एक कोरीव शिला होती. त्यांवरील ग्रीक लेखांची नक्कल राजाने मागवली आणि तेथील अधिकाऱ्याने ते काम कॉस्मसकडे व मेनास नावाच्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडे सोपवले. नकलेची एक प्रत कॉस्मसने स्वतःजवळ ठेवली.

शिलेवरील लेख इ.स.पू. ३ऱ्या शतकातील इजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी याच्या विजयांचा होता. सिंहासनावरील लेख त्याहून कित्येक शतके नंतरच्या अक्सुमच्या राजाचा होता. कॉस्मसने दोन्ही एकच लेख समजून जोडले. अर्थ लावण्यात त्याची चूक झाली. अक्षरे मात्र त्याने बऱ्याच निष्ठेने उतरवली. मूळ शिला व सिंहासन आज उपलब्ध नाहीत. अक्सुमच्या प्राचीन इतिहासाचे हे महत्त्वाचे साधन केवळ त्याच्या नकलेमुळे उरले आहे.

असाच प्रकार सिनाईच्या वाळवंटात घडला. तेथील खडकांवर कोरलेली असंख्य अक्षरे पाहून, इस्राएल लोकांनी मिसर सोडल्यावर रानातील चाळीस वर्षांत ती कोरली, असे त्याने मानले. बरोबरच्या काही यहुद्यांनी ती वाचून तसाच अर्थ सांगितल्याचे तो लिहितो. हे लेख नबातियन लिपीतील असून मोशेच्या काळाशी त्यांचा संबंध नाही, हे १९व्या शतकात स्पष्ट झाले. हा प्रसंग येथे नोंदवण्याचे कारण असे, की हिब्रू मजकुराशी कॉस्मसचे नाते नेहमी दुसऱ्याच्या मध्यस्थीने होते, हे त्यातून दिसते.

गुरू व पंथ

कॉस्मसने आपल्या मतांचे श्रेय पात्रिकिओस नावाच्या गुरूला दिले आहे. हा गुरू म्हणजे मार आबा. मूळचा झरथुष्ट्री असलेला हा इराणी विद्वान ख्रिस्ती झाला, निसिबिसच्या विद्यापीठात शिकला आणि अलेक्झांड्रियाला येऊन गेला. इ.स. ५४० मध्ये तो इराणमधील पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळीचा प्रमुख धर्मगुरू झाला. या परंपरेचा आधार मॉप्सुएस्टियाचा थिओडोर हा भाष्यकार होता. शास्त्रवचनांचा रूपकात्मक अर्थ न लावता शब्दार्थ धरावा, हा अंत्युखिया येथील या संप्रदायाचा आग्रह होता. अलेक्झांड्रियात मात्र रूपकाची परंपरा प्रबळ होती आणि थिओडोरच्या मतांना तेथे कडवा विरोध होता. इ.स. ५५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने थिओडोरला पाखंडी ठरवले. अशा काळात त्याच्या मतांवर आधारलेला ग्रंथ अलेक्झांड्रियात बसून लिहिणाऱ्याने आपले नाव झाकून ठेवले असल्यास त्यात नवल नाही.

विश्वाचा आकार हा त्याच्या लेखी केवळ भूगोलाचा प्रश्न नव्हता. देवाने मानवासाठी दोन अवस्था निर्माण केल्या, असे थिओडोरचे मत होते : आताची मर्त्य अवस्था आणि पुनरुत्थानानंतरची अमर अवस्था. या दोन अवस्थांसाठी विश्वात दोन जागा हव्यात, असे कॉस्मसने मानले. खाली आपले जग आणि वर ख्रिस्त जेथे गेला ते स्वर्गराज्य. आकाश पृथ्वीभोवती फिरणारा गोल असेल, तर वर असे काही उरतच नाही. मग ख्रिस्त कोठे गेला आणि मृत उठल्यावर कोठे जाणार? म्हणूनच त्याने पहिला भाग मूर्तिपूजक तत्त्वज्ञांपेक्षा, ख्रिस्ती म्हणवूनही आकाश गोल मानणाऱ्या स्वधर्मीयांविरुद्ध लिहिला.

विश्वरचना

निर्गमच्या पुस्तकात देवाने मोशेला पर्वतावर एक नमुना दाखवला व त्याप्रमाणे निवासमंडप बांधावयास सांगितले, अशी कथा आहे. निवासमंडप विश्वाचे प्रतीक आहे, हा विचार फायलो व जोसीफस या यहुदी लेखकांनी पूर्वीच मांडला होता. इब्री लोकांस पत्रात या मंडपाला जे ‘ऐहिक’ म्हणजे मूळ ग्रीकमध्ये ‘कोस्मिकोन’ असे विशेषण लावले आहे, त्यातही कॉस्मसला हाच अर्थ दिसला. मात्र फायलोने ज्याला प्रतीक मानले, त्याला कॉस्मसने प्रत्यक्ष आराखडा मानले आणि त्यातील मापे पृथ्वीला लावली.

मंडपातील समर्पित भाकरीचे मेज दोन हात लांब व एक हात रुंद होते. म्हणून पृथ्वीची पूर्वपश्चिम लांबी उत्तरदक्षिण रुंदीच्या दुप्पट असली पाहिजे. येथे त्याच्यातील व्यापारी जागा होतो. चीनपासून इराणमार्गे स्पेनच्या पश्चिम टोकापर्यंतचे मुक्काम मोजून तो सुमारे ४०० ही संख्या काढतो. उत्तरदक्षिण अंतर २०० मुक्कामांहून अधिक नाही, असे दाखवतो आणि मेजाचे प्रमाण जुळल्याचे समाधान मानतो.

या चौकोनी भूमीभोवती महासागर आहे. महासागरापलीकडे आणखी भूमी असून तेथे एदेन बाग होती व जलप्रलयापूर्वी मनुष्य राहत होते. त्या भूमीच्या कडांवरून चार भिंती उभ्या राहतात आणि वर कमानदार छतासारख्या जुळतात. भिंतींच्या मध्यावर अंतराळाचा पडदा आडवा पसरून विश्वाचे दोन मजले करतो, जसा मंडपातील पडदा पवित्रस्थान व परमपवित्रस्थान वेगळे करतो. उत्तरेस एक उंच पर्वत आहे. सूर्य त्याच्या आड गेला की रात्र होते. पर्वताच्या रुंद पायथ्यामागून गेला तर रात्र मोठी, निमुळत्या शिखरामागून गेला तर लहान. त्याच्या मते सूर्य पृथ्वीपेक्षा कितीतरी लहान असून तारे देवदूत चालवतात. पृथ्वीखाली कोणताही आधार नाही. ईयोबाच्या व स्तोत्रांच्या वचनांप्रमाणे ती शून्यावर, देवाने दिलेल्या स्थैर्यावर उभी आहे.

हिब्रू शब्द व ग्रीक भाषांतर

कॉस्मसला हिब्रू येत नव्हते. तो वाचत असलेला जुना करार म्हणजे सेप्टुआजिंट हे ग्रीक भाषांतर. त्याचा आरंभ त्याच्याच अलेक्झांड्रियात इ.स.पू. ३ऱ्या शतकात झाला होता. त्याच्या विश्वरचनेचे दोन मुख्य खांब या भाषांतरातील शब्दांवर उभे आहेत, आणि ते शब्द हिब्रू मुळात नाहीत.

पहिले वचन यशयाच्या ४०व्या अध्यायातील (४०:२२). ग्रीक पाठात देवाने आकाश ‘कमारा’ म्हणजे कमानदार छताप्रमाणे उभे केले, असा अर्थ आहे. कॉस्मसच्या विश्वाचे घुमटाकार छत येथून आले. हिब्रू पाठात त्या जागी ‘दोक’ हा शब्द आहे व त्याचा अर्थ तलम वस्त्र वा पातळ पडदा असा होतो. तेथे आकाश ताणलेले आहे, बांधलेले नाही.

दुसरे वचन ईयोबाच्या ३८व्या अध्यायातील. ग्रीक पाठानुसार देवाने आकाश पृथ्वीकडे कलवले व दगडाच्या घनासारखे घट्ट चिकटवले. आकाशाच्या भिंती भूमीच्या कडांना जोडलेल्या आहेत, या मताचा हा प्रमुख आधार. हिब्रू मुळात विषयच वेगळा आहे, तो पावसाचा. आकाशातील पाण्याच्या पखाली कोण ओततो, म्हणजे धुळीचा चिखल होऊन ढेकळे एकमेकांस चिकटतात, असा तेथे प्रश्न आहे. पावसाने भिजलेली ढेकळे भाषांतरात घन झाली आणि त्या घनावर विश्वाच्या भिंती उभ्या राहिल्या. कॉस्मसच्या सुमारे दीडशे वर्षे आधी जेरोमने बेथलेहेम येथे हिब्रूवरून लॅटिन भाषांतर केले होते. त्यात या वचनांमध्ये छतही नाही व घनही नाही.

याच यशयाच्या वचनाच्या पूर्वार्धात ‘हूग हा-आरेत्स’ असे शब्द आहेत. ‘हूग’ म्हणजे वर्तुळ वा घेर. नीतिसूत्रांच्या ८व्या अध्यायात तो सागरावर आखलेल्या वर्तुळासाठी येतो आणि त्याच धातूपासून बनलेला शब्द यशयाच्या ४४व्या अध्यायात सुताराच्या कंपासासाठी वापरला आहे. ग्रीक भाषांतरात त्यासाठी ‘गुरोस’ म्हणजे कडे वा वर्तुळ असा शब्द आहे. चौकोनी पृथ्वीच्या समर्थकास हा शब्द अडचणीचा. कॉस्मसचा सारा भर वचनाच्या उत्तरार्धावर आहे. अलीकडील काळात काही धार्मिक लेखक याच शब्दावरून बायबलला गोल पृथ्वी ठाऊक होती, असे सिद्ध करू पाहतात. तेही शब्दावर त्याला न पेलणारे ओझे टाकणे होय. कंपासाने सपाट फळीवर आखलेले वर्तुळ म्हणजे चेंडू नव्हे.

पृथ्वीच्या चार कोपऱ्यांचेही असेच आहे. यशयाच्या ११व्या अध्यायातील ‘कानाफ’ या शब्दाचा मूळ अर्थ पक्ष्याचा पंख किंवा वस्त्राचा काठ. मराठीत पदर म्हणता येईल. भूमितीतला कोन त्यात अभिप्रेत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील ‘राकिया’ हा शब्द ठोकून पातळ करण्याच्या धातूपासून आला आहे. निर्गममध्ये सोन्याचा पत्रा ठोकण्यासाठी तेच क्रियापद येते. ग्रीकमध्ये तो ‘स्तेरेओमा’ म्हणजे घट्ट वस्तू झाला.

असे असले, तरी कॉस्मसचा सारा दोष भाषांतरावर टाकता येत नाही. तंबूची उपमा हिब्रू मुळातच आहे. वर पाणी, मध्ये अंतराळ व खाली पाया घातलेली पृथ्वी हे चित्रही तेथलेच. प्राचीन इस्राएलचे लेखक शेजारच्या बाबिलोनी व इजिप्शियन लोकांप्रमाणे सपाट भूमीवर आकाशाचे आच्छादन कल्पीत होते, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे शास्त्रवचनांत ग्रीकांचा गोल शोधणाऱ्या त्याच्या विरोधकांपेक्षा कॉस्मस मूळ कल्पनेच्या जवळ होता. त्याची चूक वेगळीच होती. कवीने स्तुतीसाठी योजलेल्या निरनिराळ्या उपमा (तंबू, वस्त्र, पाया, पंख) त्याने एकाच इमारतीचे भाग समजून एकमेकांना जोडल्या. अदुलिसच्या दोन लेखांबाबतही त्याने हेच केले होते.

विरोधक

अलेक्झांड्रियातच त्याच्या काळी जॉन फिलोपोनस हा मोठा तत्त्वज्ञ होता. तोही ख्रिस्ती होता. जगाच्या निर्मितीवरील आपल्या ग्रंथात त्याने थिओडोरच्या मतांचे खंडन केले. मोशेचा हेतू लोकांस देवाची ओळख करून देणे हा होता, खगोलशास्त्र शिकवणे हा नव्हता, अशी त्याची भूमिका होती. गोल पृथ्वी व शास्त्रवचने यांत त्याला विरोध दिसला नाही. कॉस्मसचे नाव तो घेत नाही, मात्र रोख त्याच्यासारख्यांवर असल्याचे अनेकांना वाटते. त्याआधी दोनशे वर्षे, मोशेने पृथ्वीच्या आकाराविषयी मौन पाळले याने काही बिघडत नाही, असे बेसिलने सांगून ठेवले होते.

कॉस्मसने प्रथम पाच भाग लिहिले. त्यांवर आक्षेप आल्यावर पुढचे भाग एकेक करून जोडले. त्यामुळे ग्रंथात पुनरुक्ती फार आहे.

कल्याण, मलबार व श्रीलंका

ग्रंथाचा अकरावा भाग त्याच्या एका हरवलेल्या भूगोलग्रंथातून आला असावा. त्यात मिरीचा वेल व नारळ यांची वर्णने आहेत. नारळासाठी त्याने दिलेला ‘अर्गेल्लिया’ हा शब्द ‘नारिकेल’ किंवा त्याच्या फारशी रूपावरून आलेला दिसतो. श्रीलंका हे पूर्व व पश्चिमेच्या व्यापाराचे मध्यवर्ती ठिकाण असल्याचे तो सांगतो. उत्तर भारतात सत्ता गाजवणाऱ्या श्वेत हूणांच्या गोल्लास राजाचाही तो उल्लेख करतो. हा राजा म्हणजे मिहिरकुल, असे मानले जाते.

पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत तो कल्लिआना व सिबोर ही नावे देतो. कल्लिआना म्हणजे ठाणे जिल्ह्यातील कल्याण आणि सिबोर म्हणजे बहुधा रायगड जिल्ह्यातील चौल. कल्याणहून तांबे, शिसवी लाकूड व कापड निर्यात होई. कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत; त्यांवरून या बंदराची समृद्धी त्याच्या कितीतरी आधीपासूनची असल्याचे दिसते. कल्याणला इराणमधून नेमलेला ख्रिस्ती धर्माध्यक्ष असल्याची त्याची नोंद कोकणातील ख्रिस्ती समाजाविषयीच्या सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक आहे. ही बातमी त्याने का द्यावी, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. मार आबाच्याच पंथाची ती मंडळी होती आणि आपल्या गुरूचा धर्म जगाच्या कडेपर्यंत पोहोचल्याचे त्याला दाखवायचे होते.

हस्तलिखिते व प्रभाव

९व्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा धर्मगुरू फोशियस याने हा ग्रंथ वाचला व त्याची शैली हीन, मजकूर अविश्वसनीय ठरवला. पश्चिम युरोपात मध्ययुगात तो जवळजवळ अज्ञात होता. तेथील बीडसारखे विद्वान पृथ्वी गोलच मानत होते. रशियात मात्र त्याचे स्लाव्होनिक भाषांतर आवडीने वाचले गेले. १८९६ मध्ये अँड्र्यू डिक्सन व्हाइट याने धर्म व विज्ञान यांच्या संघर्षावरील ग्रंथात कॉस्मसला बरेच महत्त्व दिले. त्यामुळे मध्ययुगीन ख्रिस्ती जग पृथ्वी सपाट मानत होते, हा समज दृढ होण्यास हातभार लागला. एका एकाकी लेखकाला साऱ्या युगाचा प्रतिनिधी करणे इतिहासाला धरून नाही.

ग्रंथाची तीन प्रमुख हस्तलिखिते उरली आहेत : व्हॅटिकन येथील ९व्या शतकातील, आणि सिनाई येथील संत कॅथरिन मठातील व फ्लॉरेन्स येथील ११व्या शतकातील. तिन्हींत पेटीच्या आकाराच्या विश्वाची रंगीत चित्रे आहेत. बर्नार द माँफोकाँ याने १७०६ मध्ये पॅरिस येथे ग्रंथ प्रथम लॅटिन भाषांतरासह छापला. पाटणा येथील महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले जे. डब्ल्यू. मॅक्रिंडल यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८९७ मध्ये हॅक्लूट सोसायटीने प्रसिद्ध केले. भारतीय अभ्यासकांना कॉस्मसचा परिचय मुख्यतः त्यातून झाला. वांडा वोल्स्का-कोनुस यांनी फ्रेंच भाषांतरासह सिद्ध केलेली संशोधित आवृत्ती १९६८ ते १९७३ या काळात तीन खंडांत निघाली.